राजीखुशीची उचकी

साळूमावशीला उचकी लागली तरी काम थांबत नाही. लाटणं फिरत असतं, तव्यावर पोळी फुगत असते आणि मधूनच 'उक्' होतं. जेवायला बसलेली गिऱ्हाईकं मान वर करत नाहीत. समोर बसलेली करुणाताई मेथी निवडता निवडता नावं घ्यायला लागते.

"ऋतुराज." उक्. "भावजय." उक्. "तुमची ती बीडची नणंद." उक्.

"ती कशाला आठवण काढतीय," मावशी म्हणते. "तिच्या हातात मोबाईल हाय, ती आठवण नाय काढत, स्टेटस टाकती."

उचकी लागली म्हणजे कुणीतरी आठवण काढतंय, आणि बरोबर माणसाचं नाव घेतलं की ती थांबते, हे आपल्याकडं पोरासोरांनाही माहीत असतं. मावशीच्या पोळीभाजी केंद्रात हे काम करुणाताईकडं असायचं. भाजी, भांडी आणि नावं.

केंद्र संभाजीनगरात औरंगपुऱ्याच्या मागच्या गल्लीत आहे, चष्म्याच्या दुकानाला लागून. पाच टेबलं, त्यातलं एक डुगडुगतं; त्याच्या पायाखाली कुणीतरी स्पर्धा परीक्षेचं जुनं पुस्तक घातलंय. मी वरच्या मजल्यावर एका वकिलाच्या ऑफिसात टायपिंग करतो आणि दुपारी खाली जेवतो. माझं शिक्षण लासूर स्टेशनला झालं, मावशीचं माहेर तिथून दोन कोसांवर. म्हणून ती मला नावानं हाक मारत नाही, 'लासूर' म्हणते. त्या हाकेत अर्धं कौतुक असतं आणि अर्धी वसुली. गावाकडून रिकाम्या हातानं आलो की त्या दिवशी माझ्या ताटात ठेचा कमी असतो.

मावशीचा नवरा रामकिसनकाका टेम्पो चालवायचा. तो गेला तेव्हा दिवस-पाणी उरकल्यावर तिनं ही जागा भाड्यानं घेतली. भेटायला आलेल्या बायका विचारायच्या, "कसं वाटतंय गं आता?" ती म्हणायची, "वाटायचंय काय? कणीक भिजवायचीय." तेव्हापासून हे असंच आहे. मुलगा ऋतुराज पुण्याला गेला, कसं वाटतंय? काय वाटायचंय. समोरच्या खानावळवाल्यानं गिऱ्हाईक तोडलं, राग आला का? काय वाटायचंय. मावशीकडं वाटायचं ते फक्त लसूण-खोबरं, दगडी पाट्यावर. दुसऱ्या कुठल्या वाटण्याला तिच्याकडं वेळ नव्हता.

उचकीला मात्र वेळ होता. आणि ती केव्हाही लागत नाही, ठरलेल्या वेळीच लागते, हे पहिल्यांदा लक्षात आणून दिलं विशाखानं.

विशाखा ही करुणाताईची मुलगी. विद्यापीठात मानसशास्त्रात एम. ए. करते, दुपारी आईकडं जेवायला येते आणि जेवता जेवता आमचा अभ्यास करते. एकदा ऋतुराजचा फोन आला, दिवाळीला सुट्टी नाही म्हणून. मावशी म्हणाली, "बरं झालं, गाडीला लई गर्दी असती." फोन ठेवला आणि उचकी सुरू. करुणाताईनं ऋतुराजचं नाव घेतलं, उचकी थांबली.

"बघ," मावशी म्हणाली. "पोरगं आठवण काढतंय."

"तो काढत नाहीये, मावशी. तुम्ही काढताय," विशाखा म्हणाली.

"मला काय वाटलं नाय."

"तेच सांगतेय. तुम्हाला वाटलं नाही, पण झालं." तिनं भाकरीचा तुकडा खाली ठेवला. ती शिकवायला लागली की आधी हात मोकळे करते. "भावना आणि जाणीव, दोन वेगळ्या गोष्टी आहेत. भावना अंगात होते, आपोआप. छाती धडधडते, घाम फुटतो, घसा आवळतो. तुमची परवानगी घेऊन होत नाही ते. मग ते मनाला कळतं आणि आपण त्याला नाव देतो, राग आला, भीती वाटली. ते कळणं म्हणजे जाणीव. आपण 'वाटलं' म्हणतो ना, ते."

"म्हणजे भावना हे पार्सल," मी म्हणालो, "आणि वाटणं म्हणजे ते सही करून घेणं."

"बरोबर. काही लोकांच्या घरी पार्सल रोज येतं, पण दार उघडायलाच कुणी येत नाही."

आम्ही सगळ्यांनी मावशीकडं पाहिलं.

"माझ्याकडं काय बघता? माझं दार सकाळी सहाला उघडतंय."

करुणाताईला मात्र विषय आवडला. "आमच्या विहारात भंतेजी वेदना-वेदना म्हणायचे," ती म्हणाली. "मला वाटायचं गुडघ्याचं चाललंय. मी आपलं तेल नेऊन ठेवलं त्यांच्यासमोर. मग कळलं, पाली भाषेत वेदना म्हणजे दुखणं नाही, नुसतं जाणवणं. सुखाचं, दुःखाचं, नाहीतर दोन्ही नाही असं."

"माझं तिसरं," मावशी म्हणाली. "दोन्ही नाय. कांदा दे इकडं."

त्यानंतर दिवाळी झाली आणि बद्रीनाथमामा आला. हा मावशीचा धाकटा भाऊ, माहेरचं उरलेलं एकुलतं एक माणूस. आई-वडील गेले, चुलते-बिलते वेगळे झाले. बद्रीमामा शेती करतो आणि बहिणीला विसरत नाही. सुगीत ज्वारीचं पोतं, नंतर कांद्याची गोणी, आठवडी बाजार झाला की संध्याकाळी फोन. फोनवर दोघं काही बोलत नाहीत. "बरंय?" "बरंय." "ठेवू?" "ठेव." एवढ्यासाठी मावशी त्या संध्याकाळी गॅस बारीक करून बसते.

तर तो कांद्याची गोणी घेऊन आला, जेवला, पाणी प्याला आणि म्हणाला, "अक्का, कांदा साठवायला कांदाचाळ टाकायची म्हणतो. अनुदान हाय. पण सातबाऱ्यावर एकट्याचं नाव लागतंय. तुझी एक सही लागती."

"देते की," मावशी म्हणाली. "मला काय वाटायचंय?" आणि उक्.

बद्रीमामा हसला. "तुझी भावजय आठवण काढत आसल. निघताना म्हणलीच, अक्काला साडी घ्यायची हाय."

साडीचा अर्थ सगळ्यांना कळला. बहिणीनं हक्क सोडला की तिला साडी-चोळी होते आणि माहेराचं दार उघडं राहतं. नाही सोडला की दार लागतं. हे कुठं लिहिलेलं नाही, म्हणून सगळ्यांना पाठ आहे. बद्रीमामा काही लबाड माणूस नाही. त्याच्या गावात सगळ्या बहिणींनी सह्या दिल्या होत्या. आपली बहीण देणार नाही, असं त्याच्या मनात येण्याचं कारणच नव्हतं. मावशीच्याही आलं नव्हतं.

भावजयीचं नाव घेऊन उचकी काही थांबली नाही. बद्रीमामा गेला, उचकी राहिली.

हक्कसोडपत्र आमच्याच ऑफिसात आलं. बद्रीमामा म्हणाला, "लासूरचं पोरगं हाय, नीट करील." यात नीट करण्यासारखं फार नसतं. आमच्या कंप्युटरवर एक फाईल आहे, तिच्यात सगळा मजकूर तयार असतो: 'लिहून देणार ही लिहून घेणार यांची सख्खी बहीण असून, भावाविषयीच्या नैसर्गिक प्रेमापोटी व मायेपोटी, कोणताही मोबदला न घेता, राजीखुशीने…' वगैरे. नावं आणि गट नंबर बदलायचे, बाकी प्रेम तसंच राहू द्यायचं. जिल्ह्यातल्या किती बहिणींनी त्या एका फाईलीतून प्रेम केलंय, याचा हिशेब आमच्या साहेबांनाही नसेल. मावशीच्या माहेरच्या तिन्ही शेतांचे गट नंबर टाकले, प्रिंट काढली आणि खाली नेऊन वाचून दाखवली.

मावशी पोळ्या लाटत ऐकत होती. "राजीखुशीने, म्हणजे?"

"म्हणजे तुम्ही खुशीनं देताय, कुणी जबरदस्ती केली नाही."

"कुणी केलीय जबरदस्ती? दे लिहून." उक्.

आता उचकी रोजची झाली. दुपारच्या गर्दीत लागायची, संध्याकाळी भांडी घासताना लागायची. जिभेखाली साखर धरून झाली, वाकून पाणी पिऊन झालं. औषधाच्या दुकानदारानं गोळी दिली, ती घेऊन मावशी पेंगायला लागली आणि पेंगत उचक्या द्यायला लागली. एका गिऱ्हाइकानं दचकवायचा उपाय सांगितला, म्हणून करुणाताई मागून येऊन ओरडली, "साळूबाई, गॅस संपला!" मावशी म्हणाली, "दुसरी टाकी लाव," आणि उक्.

"कागद कधीचाय?" विशाखानं मला हळूच विचारलं.

"पुढच्या सोमवारी."

"मग थांबणार नाही ती." मग ती मावशीकडं वळली. "मावशी, सही करायच्या आधी एकदा स्वतःला विचारा, देऊ का म्हणून."

"कुणाला?"

"स्वतःला."

"ती कुठं आसती?" मावशी म्हणाली. "मी तर सकाळपासून इथंच हाय."

गुरुवारी दुपारी गर्दी सरली होती. मी आणि विशाखा मागं राहिलो होतो, करुणाताई ताटं पुसत होती. मावशी उरलेल्या पिठाच्या भाकऱ्या थापत होती आणि उचक्या देत होती. करुणाताईची माणसं संपली होती. सासरचे, माहेरचे, जिवंत, मेलेले, जुना घरमालक, दूधवाला, सगळे होऊन गेले होते.

"आता माणूस शिल्लक नाही," ती म्हणाली. "आता जनावरं घेऊ का? का शेतं घेऊ? लासूर, काय नावं आहेत रे यांच्या शेतांची?"

मला काय माहीत. माझ्याकडं गट नंबर होते. पण करुणाताईला नावं माहीत होती. इतकी वर्षं समोरासमोर बसून भाजी निवडल्यावर ती मावशीच्या माहेरची वहिवाटदार झाली होती.

"विहिरीचं," ती म्हणाली. उक्. "पांदीचं." उक्. "मचाणाचं."

आम्ही वाट पाहिली. तव्यावरची भाकरी फुगली. मावशीनं ती उलटली नाही. उचकी आली नाही.

"शेत आठवण काढतंय होय तुमची?" करुणाताई हसत म्हणाली, आणि मावशीचं तोंड बघून गप्प झाली. भाकरी जळायला लागली तेव्हा विशाखानं उठून गॅस बंद केला.

मचाणाचं म्हणजे काय, ते मला त्या दिवशी कळलं. मावशीनं सांगितलं, पण आम्हाला नाही, तव्याला. त्या शेताच्या मधोमध मचाण होतं. ज्वारी हुरड्यात आली की पाखरं यायची आणि साळू गोफण घेऊन वर बसायची, शाळा बुडवून. बद्री खाली सावलीत झोपलेला असायचा. गोफणीचा दगड पाखराला मारायचा नसतो, पाखराच्या शेजारी मारायचा असतो, पाखरू उडालं पाहिजे, मेलं नाही पाहिजे. तो नेम गावात फक्त तिला होता. मोठी माणसं येऊन बघायची.

"आणि वर बसलं की," मावशी म्हणाली, "कुणी खाली बोलवत नव्हतं. पाणी आण नाय, शेण काढ नाय. पोरगी राखण करतीय म्हणायचे." थोड्या वेळानं म्हणाली, "मचाण कवाच मोडलं. नाव तेवढं राह्यलं."

"मग ते सोडताना कसं वाटतंय?" विशाखानं विचारलं.

मावशीनं तवा खरवडायला घेतला. "काय वाटायचंय? नाय दिलं तर बद्री तुटंल. तेवढं एकच माणूस हाय मला." आणि उक्. या वेळी करुणाताईनं नाव घेतलं नाही.

सोमवारी मी साक्षीदार म्हणून गेलो. तालुक्याच्या रजिस्ट्रीत नेहमीसारखी गर्दी होती. बद्रीमामानं नवीन सदरा घातला होता आणि साडीची पिशवी आणली होती. ती तो या हातातून त्या हातात करत होता. मावशी बाकावर बसून घोट घोट पाणी पीत होती. उचकी बारीक, पण होती. शेजारची बाई म्हणाली, "कुणीतरी लई आठवण काढायलंय तुमची." बद्रीमामा म्हणाला, "घरची काढत आसतील."

नंबर आला. कॅमेऱ्यासमोर फोटो झाला. टेबलापलीकडचे साहेब प्रत्येकाला तोच प्रश्न विचारत होते आणि विचारताना पुढच्याचा कागद बघत होते. "दस्त वाचला का? मजकूर मान्य आहे? राजीखुशीनं देताय ना?"

उक्.

साहेबांनी मान वर केली. "पाणी द्या त्यांना." पाणी दिलं. "हां बाई. राजीखुशीनं?"

उक्.

मागं कुणीतरी हसलं. बद्रीमामाला घाम फुटला. त्याला दुसरं काही सुचलं नाही, त्यानं नावं घ्यायला सुरुवात केली, तिथंच, टेबलापाशी. "आई. आबा. ऋतुराज…"

"बद्री, नावं नको घेऊ," मावशी म्हणाली. "मला ठावं हाय कुणाची हाय."

"कुणाची?"

"मचाणाची."

बद्रीमामाला काही कळलं नाही. साहेबांना तर त्याहून कळलं नाही. मावशी त्यांच्याकडं वळली आणि गिऱ्हाइकाला हिशेब सांगावा तशी म्हणाली, "साहेब, विहिरीचं राजीखुशीनं हाय. पांदीचं राजीखुशीनं हाय. मचाणाचं मला तसं वाटत नाय."

मी तिला 'मला काय वाटत नाय' म्हणताना हजारदा ऐकलंय. पण 'काय'च्या जागी 'तसं' त्या दिवशीच ऐकलं.

"बाई, इथं गट नंबर आहेत, विहीर-बिहीर नाही," साहेब म्हणाले. त्यांचा आवाज चांगला होता, फक्त घाईत होता. "तिन्ही एकाच कागदात आहेत. हो का नाही, एवढं सांगा."

मावशीनं भावाकडं पाहिलं. मग टेबलाकडं. "मग नाय," ती म्हणाली.

साहेबांनी कागद बाजूला ठेवला आणि पुढचा नंबर पुकारला. त्यांच्या दृष्टीनं झालं होतं ते बरोबरच झालं होतं. विचारायचं ते विचारलं, उत्तर मिळालं.

बाहेर बद्रीमामा मोटारसायकलपाशी उभा राहिला. "तुला काय करायचंय गं त्या तुकड्याचं? पेरणार हायेस?"

"नाय."

"इकणार?"

"नाय."

"मग कामून? पुन्हा गोफण मारायला बसणार हायेस का?"

"खांदा धरलाय रे. नायतर बसले असते."

मावशीला हे बोलताना थोडं हसू आलं. बद्रीमामाला आलं नाही. त्याचे कान लाल झाले होते. तो जाताना नेहमी "येतो अक्का" म्हणतो. त्या दिवशी त्यानं गाडीला किक मारली आणि साडीची पिशवी हँडलला अडकवलेली तशीच घेऊन गेला.

एस. टी.त मावशी खिडकीशी बसली. उचकी बंद झाली होती, आणि ती बंद झाल्याचं आमच्या दोघांच्याही बऱ्याच वेळानं लक्षात आलं. अर्धा रस्ता ती बाहेरची शेतं बघत होती. मग मान न वळवता म्हणाली, "लासूर, मला रडू येतंय का रे?"

मी तिच्याकडं पाहिलं. अशा प्रश्नाला काय उत्तर द्यायचं, हे आम्हाला लासूरच्या शाळेत शिकवलेलं नव्हतं. म्हणालो, "डोळे भरलेत."

"मग येतंय," ती म्हणाली, आणि रडली. फार नाही. संभाजीनगरचे पहिले पूल लागेपर्यंत. मग पदरानं तोंड पुसलं आणि मला म्हणाली, "उद्याच्याला वांगी सांगून ठेवायची राह्यली."

पुढं आठवडी बाजार झाला, फोन आला नाही. त्याच्या पुढचाही झाला. बाजाराच्या संध्याकाळी मावशी गॅस बारीक करून बसायची आणि थोड्या वेळानं मोठा करायची. उचकी मात्र एकदाही लागली नाही. तिच्या जागी दुसरंच सुरू झालं. मावशी सांगायला लागली. नव्या चपला घातल्यासारखं, जपून, जरा लाजत. सकाळी केंद्र उघडलं की हवामान खात्यासारखी बातमी द्यायची, "आज वाईट वाटतंय." किंवा, "आज जरा कमी हाय. पर दुपारनं वाढंल."

विशाखा खूश. मावशी नाही.

"तुझ्या पुस्तकात हे नाय का लिवलेलं," तिनं विशाखाला विचारलं, "का कळलं की जास्त दुखतंय? उचकी परवडली. साखर खाल्ली की निदान तोंड गोड व्हायचं."

"लिहिलंय की," विशाखा म्हणाली. "पण नुसती उचकी राहिली असती तर सही झाली असती, आणि का बरं वाटत नाही ते जन्मभर कळलं नसतं."

"आन आता कळून काय, भाऊ गेला."

विशाखानं उठून मावशीबरोबर ताटं पुसली. करुणाताई म्हणाली, "फोन तुम्ही करा की." मावशी म्हणाली, "काय बोलू? बरंय विचारू? मला ठावं हाय, बरं नाय." पण मोबाईल तिनं पिठाच्या डब्यावरून काढून कंबरेला खोचून ठेवायला सुरुवात केली होती.

मग एका दुपारी बद्रीमामा आला. गोणी नाही, पिशवी नाही. कुणाशी काही न बोलता डुगडुगत्या टेबलापाशी बसला, कारण बाकीची भरलेली होती. मावशीनं ताट वाढलं. भाकरी, पिठलं, ठेचा. तो खाली मान घालून जेवत होता आणि आम्ही सगळे आमच्या ताटांकडं बघण्याचं काम मन लावून करत होतो.

अर्ध्या भाकरीवर त्याला उचकी लागली.

करुणाताईनं मेथी बाजूला ठेवली. तिचा चेहरा उजळला होता. "मचा…" ती म्हणायला लागली.

"नावं नको घेऊ," मावशी म्हणाली. "पाणी दे त्याला. ठेच्याची हाय."

बद्रीमामा पाणी प्याला. उचकी थांबली. ठेच्याचीच होती. त्यानं तोंड पुसलं. "लई राग आला होता मला," तो ताटाला म्हणाला. या घराण्यात महत्त्वाचं ते भांड्यांशीच बोलतात. "तिथं रजिस्ट्रीतच."

"दिसला मला. कान लाल झाले हुते."

"मला मातर पार वैजापूर नाक्यावर कळला. गाडी थांबवून बसलो. आधी वाटलं, भूक लागलीय." त्यानं भाकरीचा तुकडा मोडला. "साडीची पिशवी बघितली हँडलला आन कळलं. अक्काचा माझ्यावर भरोसा नाय, असं वाटलं."

"भरोशाचं नाय रे. भरोसा नसता तर इहिरीचं दिलं असतं का? पाणी त्याच्यात हाय."

बद्रीमामानं यावर विचार केला. शेतकरी माणसाला हा मुद्दा पटण्यासारखा होता. "तलाठ्याला इचारलं," तो म्हणाला. "कांदाचाळ इहिरीच्या शेतात टाकायचीय, तर तेवढाच गट एकट्याच्या नावावर लागतोय. पांदीचं जोडून करून टाकू. मचाणाचं ऱ्हाऊ दे. तुझं नाव असलं म्हणून ज्वारी काय कमी येत नाय."

मावशीनं त्याच्या ताटात आणखी एक भाकरी टाकली, तो नको म्हणत असताना. मग म्हणाली, "बरं वाटलं." करुणाताईनं माझ्याकडं पाहिलं, मी विशाखाकडं पाहिलं. मावशी चिडून म्हणाली, "काय बघता? बरं वाटलं म्हणलं. पिठलं कुणाला पायजे?"

नवा दस्त मीच टाईप केला, बद्रीमामाला शेजारी बसवून. एक गट काढला, दोन ठेवले. 'नैसर्गिक प्रेमापोटी व मायेपोटी' आलं तिथं बद्रीमामा थांबला. "हे काढायचं का?" त्यानं विचारलं. "मागल्या वेळी उगंच झालं ते."

प्रश्न बरोबर होता. मी खाली जाऊन मावशीला विचारून आलो. ती लसूण वाटत होती. "ऱ्हाऊ दे म्हणावं," ती म्हणाली. "दोन शेतांपुरतं हाय ना? तेवढं हाय."

रजिस्ट्रीत तेच साहेब होते. फोटो झाला. त्यांनी पुढच्याचा कागद हातात घेतला आणि विचारलं, "दस्त वाचला का? राजीखुशीनं देताय ना?"

"व्हय," मावशी म्हणाली.

साहेबांनी या वेळी मान वर केली नाही.